प्राचीन आयर्लंडमधील ढाल

ढाल आणि पक्ष्याचा पंख या दोन वस्तूंस एकच नांव असावें, ही गोष्ट प्रथम ऐकणारास विलक्षण वाटेल. परंतु आयर्लंड व स्कॉटलंड या देशांतील गेलिक भाषांची स्थिति अशीच आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील गेलिक बोलणारा मनुष्य ढालीस 'स्कीअ' म्हणतो आणि पाखराच्या पंखासहि 'स्कीअ'च म्हणतो. आयर्लंडमध्यें ढाल ती 'श्कीअ' व पंख तो 'श्कीअहान'. म्हणजे मूळ शब्द तोच, त्याला एक प्रत्यय तेवढा अधिक लागला आहे. वटवाघळाचें आयरिश नांव 'श्कीअहान लेहर' असें असून त्याचा सरळ अर्थ 'कातड्याचा पंख' असा होतो. मध्ययुगांतील आयरिश हस्तलिखितांत हाच शब्द 'स्कीअथ' या रूपानें येतो, आणि तो इतक्या वेळां येतो कीं, त्याच्या मागोमाग चालत गेलें तर त्या राष्ट्राचा पुष्कळसा जुना इतिहास, त्याचीं काव्यें आणि त्याच्या गांवांचीं नांवें हीं सर्व वाटेंत भेटतात.

भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं, आयरिश 'स्कीअथ', वेल्श भाषेंतील 'अस्ग्विड', लॅटिन 'स्कूटुम' आणि रशियन 'श्चित' हे ढालीचे वाचक शब्द एकाच कुळांतील आहेत. या कुळाचा मूळ धातु 'चिरणें, फोडणें' या अर्थाचा असावा असें पुष्कळांचें मत आहे. तें खरें धरल्यास आपल्या संस्कृतांतील 'छिद्' धातूशीं या शब्दांचें दूरचें नातें लागतें. लांकूड चिरून काढलेली फळी ती ढाल, असा हा इतिहास. संस्कृतांत 'फलक' या शब्दाचे फळी व ढाल असे दोन्ही अर्थ आहेतच, आणि 'चर्म' म्हणजे कातडें व ढालहि. जुन्या काळीं ढाली कशाच्या करीत असत, तें नुसता कोश उघडला तरी समजतें. लॅटिन 'स्कूटुम'चा वंशविस्तार तर फार मोठा आहे. ढालीचें चिन्ह असलेलें नाणें तें पोर्तुगीजांचें 'एस्कुदो'. १९५८ पासून १९६१ पर्यंत गोव्यांत त्याच नांवाचें चलन होतें. सरदाराची ढाल वाहणारा सेवक तो 'एस्क्वायर'. आणि इंग्रजी अमलांत सुशिक्षितांच्या पत्रांवर नांवापुढें मोठ्या मानानें जें 'एस्क्वायर' लिहीत, तें मुळांत एका ढालाइताचें पद होतें, हें लिहिणारांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत आलें असेल.

शब्दावरून आतां वस्तूकडे वळावें. आयर्लंडची भूमि दलदलीची आहे, आणि त्या दलदलींतील काळी माती, जी वाळवून तेथील लोक पिढ्यान् पिढ्या सरपणासारखी जाळीत आले, ती आपल्या पोटांत गेलेलें लांकूड व कातडें हजारों वर्षें कुजूं देत नाहीं. १९०८ सालीं लाँगफर्ड परगण्यांतील क्लॉनब्रिन येथील दलदलींत एक वाटोळी ढाल सांपडली. ती कांस्ययुगांतील असून बैलाच्या जाड कातड्याच्या एकाच तुकड्याची केलेली आहे. तिचा व्यास सुमारें २० इंच आहे, आणि मध्यें मूठ धरणाऱ्या हातासाठीं फुगवटा काढलेला आहे. लिमरिक परगण्यांत लॉख गूर नांवाच्या तळ्यापाशीं मिळालेली ढाल याहून मोठी, सुमारें २८ इंच व्यासाची, आणि ती कांशाच्या पत्र्याची आहे. तिच्यावर उठावाच्या टिकल्यांचीं एकांत एक अशीं वर्तुळें आहेत. ती उन्हांत धरली असतां शत्रूचे डोळे दिपत असतील यांत शंका नाहीं.

परंतु डोळे दिपविणें वेगळें आणि वार अडविणें वेगळें. जॉन कोल्स या पुराणवस्तुशास्त्रज्ञानें जुन्या नमुन्यांवरून पत्र्याची एक व कातड्याची एक अशा ढाली तयार करून त्यांवर कांशाच्या तलवारीचे घाव घालून पाहिले, आणि १९६२ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. पातळ पत्रा एका घावासरशीं चिरला गेला; गरम पाण्यानें व मेणानें कठीण केलेलें कातडें मात्र घावामागून घाव सोशीत राहिलें. तेव्हां धातूच्या ढाली मिरवणुकीच्या व कातड्याच्या ढाली लढाईच्या, असा निर्णय बहुतेकांनीं मान्य करून टाकला. अलीकडच्या संशोधकांनीं याला हरकत घेतली आहे. कांहीं जुन्या ढालींचा पत्रा प्रयोगांतल्याहून जाड होता, आणि कांहींवर खऱ्या शस्त्रांचे वण दिसून येतात. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तरी गरिबाच्या घरची कातड्याची ढाल श्रीमंताच्या चकाकत्या ढालीहून अधिक विश्वासाची असावी, ही कल्पना मनांतून सहज जात नाहीं हें खरें.

लोहयुगांतील एकच ढाल या दलदलींनीं परत दिली आहे. ती टिपरेरी परगण्यांतील क्लॉनूरा येथें मिळाली. लांकडी फळीवर वासराचें कातडें ताणून शिवलेली अशी ही लहानशी चौकोनी ढाल, लांबीला दोन फुटांहून कमी व रुंदीला फूटभराहून थोडी अधिक. तिच्यावर शस्त्रांचे घाव स्पष्ट दिसतात. तिचा धनी कोण, तो कोणाशीं लढला, वांचला कीं मेला, यांपैकीं कांहींहि कळण्याचा मार्ग नाहीं. घाव तेवढे उरले आहेत. वेळूसारख्या लवचिक काटक्या विणूनहि ढाली होत असत. 'फेअरी क्वीन'चा कर्ता एडमंड स्पेन्सर हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्यें इंग्रज अधिकारी म्हणून राहिला होता. त्यानें उत्तरेकडील आयरिश लोकांच्या अशा विणलेल्या मोठ्या ढालींचा उल्लेख केला आहे, आणि त्यावरून हे लोक शकांचे वंशज असल्याचें अनुमान काढलें आहे. स्पेन्सरचें काव्य जितकें रम्य, तितकेंच त्याचें आयर्लंडविषयींचें राजकारण निर्दय होतें. तेव्हां त्याचें हें अनुमान कोणी मनावर घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्यानें डोळ्यांनीं पाहिलेली वस्तु खरी मानावयास हरकत नसावी, कारण आयरिश भाषेंत 'श्कीअहोग' असा एक शब्द आहे. तो 'श्कीअ' याचेंच लघुरूप असून त्याचा अर्थ उथळ विणलेली टोपली असा आहे. आयरिश शेतकऱ्याच्या घरीं उकडलेले बटाटे अशाच टोपलींत ओतून पाणी निथळावयास ठेवीत. योद्ध्याच्या हातांतील विणलेली ढाल व गृहिणीच्या हातांतील टोपली यांचें नांव एक असावें, हें पाहणाऱ्यास मौजेचें वाटतें.

आतां कथांकडे यावें. आयर्लंडच्या जुन्या वीरकथा सुमारें ११०० सालापासूनच्या हस्तलिखितांत उतरलेल्या आहेत. परंतु त्यांची भाषा व त्यांतील चालीरीति याहून पुष्कळ जुन्या आहेत. त्यांत उत्तरेकडील अल्स्टर प्रांताचा राजा कोन्खोवर याच्या दरबाराचें वर्णन येतें. आर्मा शहराजवळ इव्हन माखा येथें त्याची राजधानी. तेथें तीन मोठे वाडे होते. एकांत राजा व त्याचे वीर बसत. एकांत जिंकून आणलेली लूट व शत्रूंचीं मस्तकें ठेवीत. आणि तिसऱ्यांत, ज्याचें नांव 'चित्रविचित्र झळाळणारा' अशा अर्थाचें आहे, सर्वांच्या ढाली, भाले आणि तलवारी टांगून ठेवीत. वीरांचीं शस्त्रें अशीं वेगळीं ठेवण्याचें कारण कथाकारानें आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. भोजनसमयीं कोणी एखादा टोंचणारा शब्द बोलला कीं, हे वीर ताडकन् उठून एकमेकांचीं डोकीं फोडूं लागत. म्हणून शस्त्रें दुसऱ्या घरांत.

त्या घरांतील प्रत्येक ढालीस स्वतःचें नांव होतें, आणि त्या नांवांची यादीच एका कथेंत दिली आहे. केल्तखर याची ढाल 'कोव्ला खाथा', म्हणजे रणाचें कवाड. कोनल केर्नाख याची 'लाव्हथापाध', म्हणजे हाताची चपल. दुव्थाख याची 'उआथाख', म्हणजे भयंकर. आणि सर्वांत विख्यात वीर कू-खुलिन याची 'दुवान', म्हणजे काळी. ढालीस नांव देणें म्हणजे तिला घरच्या माणसांत घेणें होय.

कू-खुलिनच्या ढालीची जन्मकथा मोठी सुरस आहे. अल्स्टरच्या लोकांनीं एकदां असा नियम केला कीं, प्रत्येकाच्या ढालीवर कोरीव चिन्ह असावें आणि एकाचें चिन्ह दुसऱ्यासारखें नसावें. कू-खुलिन त्या वेळीं बाहेर विद्या शिकत होता. तो परत येऊन ढाली करणाऱ्या कारागिराकडे गेला. कारागीर म्हणाला, "सुचण्यासारखीं सर्व चिन्हें दुसऱ्यांच्या ढालींवर गेलीं, आतां नवें कांहीं उरलें नाहीं." कू-खुलिननें त्यास जीव घेण्याची धमकी दिली, राजाच्या आश्रयाचीहि पर्वा आपण करणार नाहीं असें बजावलें. कारागीर आपल्या कर्मशाळेंत हताश होऊन बसला असतां एक अनोळखी पुरुष आंत आला. त्याच्या हातांत दोन टोंकांचा एक कांटा होता. त्यानें जमिनीवर राख पसरावयास सांगितली, कांट्याचें एक टोंक राखेंत रोवलें आणि दुसऱ्या टोंकानें फिरवीत फिरवीत चिन्ह काढून दाखविलें. हा कांटा म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून भूमितीच्या पेटींतील कंपास होय. ही केवळ कवीची कल्पना असें म्हणून सोडून द्यावी, तर मीद परगण्यांतील लॉखक्रू येथील एका प्राचीन थडग्यांत एकोणिसाव्या शतकांत हाडांच्या असंख्य चिपा सांपडल्या. त्यांपैकीं कांहींवर कंपासनें काढलेल्या वक्ररेषांची अत्यंत नाजूक नक्षी आहे, आणि त्यांच्याबरोबर लोखंडी कंपासचा एक पायहि मिळाला. राखेंत नक्षी काढून पाहणारा कारागीर या देशांत खरोखर होऊन गेला, असें म्हणावयास ही पुरेशी साक्ष आहे.

राजा कोन्खोवर याच्या ढालीचें नांव 'ओखीन'. तिला सोन्याच्या चार कडा होत्या. तिचा गुण असा कीं, ती धारण करणारा संकटांत सांपडला म्हणजे ती मोठ्यानें ओरडे. तिच्या ओरडण्यास अल्स्टरमधील सर्व ढाली उत्तर देत, आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरील तीन महालाटाहि गर्जना करूं लागत. रक्षण करणारी ढालच अशा रीतीनें आक्रोश करते ही कल्पना इतर देशांच्या वाङ्मयांत क्वचितच आढळेल. या ढालीभोंवतीं दोन प्रसंग गुंफलेले आहेत, आणि ते एकमेकांस लागून वाचले म्हणजेच त्यांतील दारुणपणा कळतो.

पहिला प्रसंग देअर्द्रे नांवाच्या सुंदरीच्या कथेंतला. कोन्खोवरनें तिला स्वतःसाठीं वाढविलें होतें. ती नीशा नांवाच्या तरुण वीरावर अनुरक्त होऊन त्याच्याबरोबर व त्याच्या दोन भावांबरोबर स्कॉटलंडला पळून गेली. पुढें राजानें त्यांना अभय देऊन परत बोलाविलें, आणि त्या अभयाला जामीन म्हणून फर्गस या थोर वीरास पाठविलें. फर्गसला मेजवानीच्या निमित्तानें वाटेंत अडकवून राजानें त्या तिघा भावांवर आपले लोक घातले. कथेच्या उत्तरकालीन रूपांत असें येतें कीं, फर्गसचा मुलगा इलान पाहुण्यांच्या बाजूनें लढत होता, आणि राजाचा मुलगा फिआखा बापाचींच शस्त्रें घेऊन त्याच्यासमोर आला. इलाननें त्यास असा दडपला कीं, तो ढालीखालीं दबला आणि ओखीन ओरडूं लागली. समुद्राच्या लाटांनीं उत्तर दिलें. दूर असलेल्या कोनल केर्नाखनें तो ध्वनि ऐकला, आपला राजा संकटांत आहे असें समजून तो धांवत आला, आणि पाठमोऱ्या इलानच्या अंगांतून त्यानें भाला आरपार घातला. "कोनल, तूं हें केलेंस?" असें मरणाऱ्या मुलानें विचारलें व खरा प्रकार सांगितला, तेव्हां कोनलनें पश्चात्तापानें व संतापानें त्याच क्षणीं राजपुत्राचें मस्तक उडविलें. ढालीनें आपलें काम चोख केलें होतें. परंतु ती धरणाराचा पक्ष न्यायाचा कीं अन्यायाचा, हें तिला कोठून कळणार?

फर्गस परत येऊन पाहतो तों त्याच्या वचनाची राख झालेली. तो अल्स्टर सोडून कॉनॉटची राणी मेव्ह हिच्या आश्रयास गेला. त्यानंतर राणीनें कूलीच्या प्रसिद्ध बैलासाठीं अल्स्टरवर स्वारी केली. आपल्याकडे विराटाच्या गाईंसाठीं जसें गोग्रहणाचें युद्ध झालें, तसेंच हें, आणि आयरिश लोकांचें मुख्य वीरकाव्य तें हेंच. त्याच्या शेवटच्या लढाईंत फर्गस व कोन्खोवर समोरासमोर येतात. फर्गस आपली प्रचंड तलवार राजाच्या ढालीवर तीन वेळां हाणतो, ओखीन आक्रोश करते आणि अल्स्टरच्या साऱ्या ढाली तिच्या सुरांत सूर मिळवितात. चौथा घाव राजावर पडणार, इतक्यांत राजाचाच मुलगा कोर्मक, जो बापाच्या विश्वासघातामुळें फर्गसबरोबर हद्दपारींत गेला होता, तो फर्गसला मिठी मारून आवरतो. "मग हा राग कोणावर काढूं?" असें फर्गस विचारतो, आणि उत्तर मिळतें कीं, समोरच्या टेकड्यांवर. त्याच्या घावांनीं तीन टेकड्यांचे माथे तुटून गेले. त्या सपाट माथ्यांच्या टेकड्यांस 'मीदच्या बोडक्या टेकड्या' असें नांव पडलें. राजाची ढाल वांचली, आणि मार खाल्ला तो डोंगरांनीं.

याच काव्यांतील दुसरें एक द्वंद्व नदीच्या पाणउतारावर घडलें. कू-खुलिन व फेर्दिआ हे गुरुबंधु. एकाच गुरुस्त्रीपाशीं, स्काथाख नांवाच्या वीरांगनेपाशीं, दोघे धनुर्विद्येहून कठीण अशा विद्या शिकले. फेर्दिआ लढावयास तयार नव्हता. राणीनें त्याच्याकडे भाट पाठविले. ते असें निंदाकाव्य रचणार होते कीं, त्यानें चेहऱ्यावर तीन फोड उठावेत. आयरिश लोकांची समजूत अशी कीं, खऱ्या कवीची निंदा अंगावर उमटते. फेर्दिआ शस्त्राला भ्याला नाहीं, काव्याला भ्याला. चार दिवस युद्ध चाललें. पहिल्या दोन रात्रीं एकानें दुसऱ्याकडे औषधी वनस्पति पाठवाव्या, दुसऱ्यानें पहिल्याकडे अन्न पाठवावें. दोघांचे घोडे एकाच गोठ्यांत, सारथी एकाच शेकोटीशीं. तिसऱ्या रात्रीं मात्र ते दुःखी होऊन वेगळे राहिले. चवथ्या दिवशीं कू-खुलिननें फेर्दिआच्या ढालीच्या फुगवट्यावर उडी घेऊन कांठावरून वार करण्याचा यत्न केला; फेर्दिआनें एकदां कोपरानें व एकदां गुडघ्यानें त्यास लहान पोरासारखें उडवून दिलें. शेवटीं कू-खुलिननें पाण्याखालून येणारें आपलें गुप्त अस्त्र सारथ्याकडे मागितलें. त्याचें नांव कानांवर येतांच फेर्दिआनें ढाल झटकन् खालीं नेली. तोंच वरून कांठापलीकडून आंखूड भाला त्याच्या छातीवर आला. त्यानें ढाल वर उचलली. तेवढ्यांत खालून अस्त्र आलें. एकच ढाल आणि घाव दोन बाजूंनीं, एवढाच त्या मरणाचा वृत्तांत आहे. कू-खुलिननें आपल्या गुरुबंधूचें शव उचलून पैलतीरीं नेलें. त्या ठिकाणास 'फेर्दिआचा उतार' असें नांव मिळालें, आणि लाउथ परगण्यांतील आर्डी हें गांव तेंच नांव आजवर संक्षेपानें वागवीत आहे.

कवींचा उल्लेख आला आहे, तर ढाल व कवि यांचा प्रत्यक्ष झगडा जेथें झाला ती कथा सांगितलीच पाहिजे. सहाव्या शतकाच्या अखेरीस दालान फोर्गल हा आयर्लंडचा मुख्य कवि होता. ५९७ सालीं निवर्तलेल्या साधु कोलंबा याच्यावर त्यानें रचलेली स्तुति आयरिश भाषेंतील अत्यंत जुन्या काव्यांत गणली जाते. त्याच्या नांवाचाच अर्थ 'लहानसा आंधळा' असा आहे. पुढें कित्येक शतकांनीं रचलेल्या एका कथेंत या आंधळ्या कवीचें शेवटचें प्रकरण आलें आहे. ब्रेफ्नीचा राजा व ऑरिएलचा राजा या दोघांत चुरस होती. दोघांचेंहि नांव एद. ऑरिएलच्या राजापाशीं 'दुवगिल्ला', म्हणजे 'काळा गडी', या नांवाची ढाल होती. रणांत ती दृष्टीस पडली कीं, शत्रूचें बळ जाऊन तो म्हाताऱ्या बाईसारखा दुबळा होई. ब्रेफ्नीच्या राजानें दालानला चिथावलें कीं, कवीला नाहीं म्हणण्याची कोणाची छाती नाहीं, तेव्हां तूं जाऊन ती ढाल मागून आण.

दालान शिष्यपरिवारासह गेला आणि त्यानें ढालीचें स्तोत्र म्हटलें. राजा म्हणाला, "काव्य चांगलें आहे, ज्याला समजेल त्याला." मग कवीनेंच त्याचा अर्थ उलगडून सांगितला. राजानें सोनें, रुपें, गुरेंढोरें देऊं केलीं. ढाल मात्र देईना. त्याचें म्हणणें असें कीं, ढाल ही दान देण्याची वस्तु नव्हे. दालाननें रागानें निंदाकाव्य म्हटलें. तें ऐकून राजा म्हणाला कीं, हें आधींच्याहून बरें कीं वाईट तेंहि आम्हांस कळत नाहीं! दुर्बोध काव्य लिहिणारांची अशी थट्टा कवींनींच जपून ठेवलेल्या कथेंत असावी, हें त्या लोकांच्या विनोदबुद्धीस भूषणास्पद आहे. परंतु थट्टेच्या मागें धाकहि होता. साधूंनीं राजे व कवि यांच्यांत असा करार करून दिला होता कीं, कवीनें अन्यायानें निंदा केली तर त्यानें तीन दिवसांत मरावें, आणि न्यायानें केलेली निंदा राजास बाधावी. दालान परत फिरला. वाटेंत तो शिष्यांना म्हणाला, "नवल आहे, घरून निघतांना मी आंधळा होतों, आतां मला दोन्ही डोळ्यांनीं दिसतें." मृत्यूपूर्वीं आपल्याला कांहीं विपरीत चिन्ह दिसेल, हें त्यास पूर्वीं सांगितलेलें होतें. तिसऱ्या दिवशीं तो वारला. ज्या ढालीसाठीं जीव गेला ती त्यानें कधीं पाहिली नव्हती. दृष्टि आली ती ढाल मागें राहिल्यावर.

कथा येथेंच थांबत नाहीं. दालानच्या जागीं शेन्खान हा मुख्य कवि झाला. तो आपला भला मोठा कविपरिवार घेऊन कॉनॉटच्या उदार राजाच्या घरीं जाऊन बसला आणि अशक्य मागण्यांनीं त्यास बेजार करूं लागला. शेवटीं एका डुकरें राखणाऱ्या साधूनें त्यांना कूलीच्या बैलाची कथा सांगण्यास फर्माविलें. ती त्यांच्यापैकीं एकालाहि येत नव्हती! ती मिळविण्यासाठीं वणवण केल्यानंतर फर्गसच्या थडग्यापाशीं प्रार्थना होऊन स्वतः फर्गसच्या पिशाच्चानें ती सांगितली, असें म्हणतात. म्हणजे एका राजानें ढाल नाकारली, त्यावरून कवि मेला, आणि त्याच्यामागून आलेल्यांच्या खोडीमुळें राष्ट्राचें महाकाव्य परत हातीं आलें. कवींच्या लोभाची अशी रंगीत शिक्षा दुसऱ्या कोणत्या भाषेंत असेल तर ती शोधण्यासारखी आहे.

ख्रिस्ती धर्म आल्यावरहि ढाल काव्यांतून गेली नाहीं. संत पॅट्रिकच्या नांवावर चालणाऱ्या प्रसिद्ध कवचस्तोत्रांत ईश्वराच्या ढालीचें आवाहन आहे. आपल्याकडील रामरक्षेशीं किंवा देवीकवचाशीं त्याची जात जुळते. फिन या वीराच्या ढालीवरहि एक दीर्घ काव्य आहे. तें १६२६-२७ च्या सुमारास परदेशांत, ऑस्टेंड येथें, एका आयरिश कप्तानासाठीं उतरून काढलेल्या संग्रहांत टिकलें. घरादारास मुकलेला शिपाई परक्याच्या चाकरींत असतांना आपल्या पूर्वजांच्या ढालीचें काव्य लिहवून घेतो, ही गोष्ट त्या काव्याइतकीच मनाला लागणारी आहे. त्यांत असें सांगितलें आहे कीं, लूख देवानें बालोर राक्षसाचें मस्तक हेझलच्या झाडाच्या दुबेळक्यांत ठेवलें. त्यांतून गळणाऱ्या विषानें झाड उभें चिरलें गेलें. पन्नास वर्षें त्यावर गिधाडें व कावळे राहिले. आणि समुद्रदेव मानानान यानें तें खणवून त्याच्या विषारी लांकडाची ढाल करविली. तीच पुढें फिनपर्यंत आली.

स्थळनामांचा शोध मात्र जपून करावा लागतो. आयर्लंडच्या नकाशावर 'स्के' वा 'स्की' असा ध्वनि असलेलीं नांवें पुष्कळ आहेत, आणि हौशी मनुष्यास तेथें तेथें ढाल दिसूं लागते. परंतु त्यांतील बहुतेक 'श्केख' या शब्दापासून झालेलीं असून त्याचा अर्थ हॉथॉर्न नांवाचें कांटेरी झाड असा आहे. 'स्काथ' म्हणजे सावली, हा तिसरा शब्द पुन्हां वेगळाच. त्यावरून आयरिश लोक छत्रीस 'पावसाची सावली' म्हणतात. फर्मॅना परगण्यांतील लिस्नास्की हें गांव या घोटाळ्याचें उत्तम उदाहरण आहे. तेथील मग्वायर घराण्याच्या नायकांचा अभिषेक ज्या जागीं होई तिचें नांव जुन्या लेखांत 'स्कीअथ गावरा' असें येतें. पॅट्रिक वेस्टन जॉइस यानें १८६९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्थळनामांच्या ग्रंथांत तेथें एक पवित्र झाड होतें असा अर्थ लावला, कारण झाडाखालीं अभिषेक करण्याची चाल आयर्लंडभर होती. परंतु गांवाचें आयरिश नांव आतां 'ढालीचा गढीकोट' अशाच अर्थानें लिहितात. दोन्ही अर्थ नायकाच्या अभिषेकाला शोभतात. तरी जुन्या लेखांतील अक्षरें ढालीच्या बाजूचीं आहेत, आणि अशा वादांत अक्षरांना अधिक मान द्यावा हें बरें. कॉर्क परगण्यांत स्कीअथ नांवाच्या एका साध्वीचें स्थान आहे. तिच्या समाधीवरून त्या जागेस नांव पडलें. मुलीचें नांव ढाल ठेवण्यांत त्या आईबापांना कांहीं वावगें वाटलें नाहीं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस स्काय नांवाचें बेट आहे. त्याचे भूभाग समुद्रांत पसरलेल्या पंखांसारखे दिसतात, म्हणून तें 'पंखांचें बेट', असें लोक आवडीनें सांगतात. दुसऱ्या शतकांतील टॉलेमीच्या भूगोलांत त्याचें नांव 'स्केटिस' असें आहे, आणि सातव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या कोलंबाच्या चरित्रांत 'स्किआ'. कांहीं विद्वान त्यांत पंख न पाहतां चिरणें-फाडणें हा मूळ धातूच पाहतात. कारण समुद्रानें या बेटाचा कांठ खरोखरीच चिरून काढला आहे. स्काथाख वीरांगनेचा किल्ला याच बेटावर होता, असें परंपरा मानते.

याच मुलखांत ढालीचा अखेरचा काळ गेला. डोंगरी लोकांची वाटोळी ढाल दोन लांकडी फळ्यांची. एकीच्या रेषा उभ्या तर दुसरीच्या आडव्या. तिच्यावर कातडें व पितळी खिळ्यांची नक्षी. तिचें नांव 'तारगाद', तें बाहेरून आलेलें. जुनें 'स्कीअ' कवींच्या तोंडीं राहिलें. डाव्या हातावरील या ढालीनें इंग्रज शिपायाची संगीन बाजूला सारावयाची आणि उजव्या हातानें तलवार चालवावयाची, ही त्यांची लढण्याची रीत. १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर तिचा शेवट झाला. सरकारी शिपायांना शिकविलें होतें कीं, समोरच्याच्या ढालीवर संगीन न चालवितां उजवीकडच्या माणसाच्या उघड्या बगलेंत खुपसावी. त्याच वर्षीं शस्त्रबंदीचा नवा कायदा झाला, आणि डोंगरी लोकांस शस्त्र बाळगण्याची मनाई झाली. १७७३ सालीं डॉक्टर जॉन्सन व बॉस्वेल हे हेब्रिडीज बेटांत हिंडले. तेव्हां तेथें ढाल शोधूनहि मिळेना, असें बॉस्वेलनें आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केलें आहे. कायदा झाल्यावर लोकांनीं त्यांचीं ताकाच्या पिंपांवर झांकणें केलीं होतीं.